धागा: एकूण वजन मर्यादेत, तरी ड्राइव्ह एक्सल जास्त. सेमी-ट्रेलरच्या एक्सल लोडचं गणित

भारवाही (धागाकर्ता)

दोन एक्सलचा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) आणि तीन एक्सलचा सेमी-ट्रेलर. माल २४,००० किलो, सगळे पॅलेट सारख्या वजनाचे, मांडल्यावर लांबी १० मीटर. सगळा माल पुढच्या भिंतीला टेकवून भरायचा आहे. एकूण वजन ३८,५०० किलो भरतं, म्हणजे ४०,००० च्या आत. तरीही भार वाटपाच्या तक्त्यात ड्राइव्ह एक्सल (ट्रॅक्टरचा मागचा, इंजिनाने फिरणारा) मर्यादेच्या बराच वर दाखवतोय. हाताने गणित करून खात्री करायची आहे. मापं अशी:

ट्रॅक्टरचा व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) ३,६०० मिमी, फिफ्थ व्हील (ट्रॅक्टरवरची ट्रेलर जोडायची तबकडी) मागच्या एक्सलच्या ६०० मिमी पुढे.
रिकामा ट्रॅक्टर (चालक आणि भरलेली डिझेल टाकी धरून): पुढच्या एक्सलवर ५,२००, मागच्यावर २,४०० किलो.
रिकामा ट्रेलर ६,९०० किलो: त्यातले १,९०० किंगपिनवर (फिफ्थ व्हीलमध्ये अडकणारी ट्रेलरखालची खुंटी), ५,००० बोगीवर (ट्रेलरच्या मागच्या एक्सलांचा संच).
पुढची भिंत ते किंगपिन १,६०० मिमी. किंगपिन ते तीन एक्सलच्या बोगीचा मध्य ७,७०० मिमी. एक्सलमधलं अंतर १,३१० मिमी. बेडची (ट्रेलरचा माल ठेवायचा भाग) आतली लांबी १३,६०० मिमी.

मर्यादा: पुढचा एक्सल ७,५०० (गाडीच्या प्लेटवरचा आकडा). बाकीच्या यूरोपीय संघाच्या ९६/५३/ईसी निर्देशातल्या घेतल्या आहेत: ड्राइव्ह ११,५००, ट्राय-एक्सल (ट्रेलरचे तिन्ही मिळून) २४,०००, एकूण ४०,०००.

तरफ

तक्ता बरोबर आहे. हे गणित दोन तरफांचं आहे आणि क्रम महत्त्वाचा: आधी ट्रेलर, मग ट्रॅक्टर. ट्रेलर दोन जागी टेकलेला असतो, किंगपिनवर आणि बोगीच्या मध्यावर. मालाचं वजन या दोन टेकूंत वाटून घ्यायचं. किंगपिनच्या वाट्याला जे येतं ते पुढे ट्रॅक्टरवर टाकायचं आणि त्याच्या दोन एक्सलमध्ये पुन्हा वाटायचं.

मालाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ५,००० मिमीवर, म्हणजे किंगपिनपासून ३,४०० मिमीवर.

मालाचा किंगपिनवरचा भार = २४,००० × (७,७०० − ३,४००) ÷ ७,७०० = १३,४०३
बोगीवर उरले = १०,५९७
रिकामा ट्रेलर धरून किंगपिनवर = १५,३०३, बोगीवर = १५,५९७

आता ट्रॅक्टर. किंगपिनच्या भारातला पुढच्या एक्सलचा वाटा ६०० ÷ ३,६००, म्हणजे एक षष्ठांश. बाकी पाच षष्ठांश मागच्यावर.

पुढचा एक्सल = ५,२०० + २,५५० = ७,७५०
ड्राइव्ह एक्सल = २,४०० + १२,७५३ = १५,१५३

बेरीज करून पाहा: ७,७५० + १५,१५३ + १५,५९७ = ३८,५००. ही बेरीज दरवेळी करायचीच. ती एकूण वजनाशी जुळली नाही तर कुठेतरी आकडेमोड चुकलीय. जुळली म्हणजे सगळं बरोबर असं मात्र नाही. किंगपिनचं अंतर चुकलं तरी बेरीज जुळतेच.

पुढचा एक्सल २५० किलोने वर, ड्राइव्ह साडेतीन टनांहून जास्त वर, आणि बोगी मात्र आठ टनांहून अधिक रिकामी. एकूण वजनाच्या एका आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

रस्तेबांधणी

१५,१५३ हा आकडा किती गंभीर आहे ते सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये आशो (तिथल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता चाचणी झाली. तिच्या निष्कर्षांवरून बांधलेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज एक्सल भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. १५,१५३ ला ११,५०० ने भागलं तर १.३२ येतं, त्याचा चौथा घात सुमारे ३. म्हणजे हा एक एक्सल मर्यादेतल्या एक्सलच्या तिप्पट झीज करतो. टायर, हब बेअरिंग आणि ब्रेक यांचं नुकसान वेगळं.

भारवाही

समजलं. मग गुरुत्वमध्य कुठे यायला हवा, हे उलट गणिताने काढता येईल ना? दरवेळी अंदाजाने सरकवून पाहायचं नाहीये.

तरफ

येईल, आणि सुरुवात तिथूनच करावी.

ड्राइव्हला शिल्लक ११,५०० − २,४०० = ९,१००. हा किंगपिन भाराचा पाच षष्ठांश, म्हणून किंगपिनवर जास्तीत जास्त १०,९२०. पुढच्या एक्सलला शिल्लक २,३००, त्यावरून १३,८०० पर्यंत चालेल. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, १०,९२०. त्यातून रिकाम्या ट्रेलरचे १,९०० गेले की मालाला ९,०२० राहतात.

२४,००० किलोसाठी गुरुत्वमध्य किंगपिनपासून किमान ७,७०० × (१ − ९,०२० ÷ २४,०००) = ४,८०६ मिमी मागे हवा. भिंतीपासून ६,४०६.

मागची हद्द बोगीवरून: २४,००० − ५,००० = १९,०००. ७,७०० × १९,००० ÷ २४,००० = ६,०९६. भिंतीपासून ७,६९६.

पण तुम्ही मर्यादा ९६/५३/ईसीच्या घेतल्या आहेत, म्हणून आणखी एक अट लागते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत एकूण वजनाच्या किमान २५ टक्के ड्राइव्ह एक्सलवर असायला हवेत. ३८,५०० चे २५ टक्के ९,६२५. त्यावरून मालाचा किंगपिन भार किमान ६,७७० आणि गुरुत्वमध्य भिंतीपासून जास्तीत जास्त ७,१२८ मिमी. ही अट नियमात नसती तरी पाळावी, कारण ओल्या चढावर हलका ड्राइव्ह एक्सल चाकं फिरवत जागच्या जागी राहतो.

म्हणजे तुमच्याकडे ६.४१ ते ७.१३ मीटर इतकीच पट्टी आहे, जेमतेम ७२ सेंटिमीटर. १० मीटरचा माल भिंतीपासून २ मीटर सोडून ठेवला तर मध्य बरोबर ७ मीटरवर येतो. तेव्हा पुढे ६,७११, ड्राइव्ह ९,९५८, बोगी २१,८३१. सगळं बसतं.

भिंतीला टेकवूनच भरायचा असेल तर माल कमी करा: ९,०२० × ७,७०० ÷ ४,३०० = १६,१५२ किलो. त्यापलीकडे नाही.

पट्टाबंद

इथे एक मोठी सूचना. माल भिंतीपासून दोन मीटर मागे ठेवला की पुढची भिंत कामातून गेली. ईएन १२१९५-१ मानकात रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, तर बाजूला आणि मागे ०.५ पट बल धरतात. २४ टनांना पुढे १९ टनांहून जास्त रोखायचे. घर्षणाने त्यातला काही भाग जातो, उरलेला नुसत्या वरून टाकलेल्या पट्ट्यांनी रोखायचा म्हटलं तर पट्ट्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. मोकळ्या जागेत रिकामे पॅलेट उभे-आडवे घट्ट भरून माल भिंतीशी जोडावा, किंवा बेडच्या खाचांमध्ये अडसर बसवावा, आणि खाली घर्षण वाढवणाऱ्या रबरी चटया घालाव्या. भरावासाठी वापरलेले पॅलेट दाबाखाली चुरडणार नाहीत इतके भक्कम हवेत. मोकळी जागा तशीच सोडून गाडी काढणं म्हणजे एक्सल वाचवून केबिन धोक्यात घालणं.

मोजपट्टी

गणितात टाकलेली मापं कुठून आली, हा माझा पहिला प्रश्न असतो. ड्रॉइंगवरचं फिफ्थ व्हीलचं अंतर आणि गाडीवरचं अंतर बरेचदा वेगळं असतं. फिफ्थ व्हील सरकतं असेल तर आदल्या खेपेला ते कुठल्या खाचेत ठेवलं होतं ते पाहिल्याशिवाय कागदावरच्या आकड्याला अर्थ नाही.

काट्यावरून काढायची पद्धत: नुसत्या ट्रॅक्टरचे दोन्ही एक्सल तोला. मग ट्रेलर जोडून तेच दोन एक्सल पुन्हा तोला. दोन्ही एक्सलवरच्या वाढीची बेरीज म्हणजे किंगपिनवरचा भार. फिफ्थ व्हीलचं अंतर = पुढच्या एक्सलची वाढ × व्हीलबेस ÷ किंगपिनचा भार.

रिकाम्या ट्रेलरने हे करू नका. तुमच्या गाडीत रिकामा ट्रेलर जोडल्यावर पुढचा एक्सल फक्त ३१७ किलोने वाढेल. काटा २० किलोच्या पायरीने दाखवत असेल तर तेवढ्यानेच अंतरात सुमारे ३८ मिमीची चूक येते. भरलेल्या ट्रेलरने किंगपिनवर ९,७०० च्या आसपास भार असताना तीच २० किलोची चूक साडेसात मिमीवर येते.

डिझेलचंही लक्षात ठेवा. ६०० लिटर म्हणजे सुमारे ५०० किलो. टाकीचा मध्य पुढच्या एक्सलच्या दीड मीटर मागे असेल तर त्यातले २९० पुढे, २१० मागे. रिकाम्या टाकीने तोललेले आकडे घेऊन मर्यादेला टेकलेलं लोडिंग केलं तर टाकी भरताच पुढचा एक्सल वर जातो.

सांधेकरी

मुळात फिफ्थ व्हील पुढे सरकवलं तर ड्राइव्हचा भार कमी होणार नाही का? माल हलवायची गरजच काय?

तरफ

कमी होतो, पण फार थोडा. फिफ्थ व्हील सरकवल्याने किंगपिनवरचा भार बदलत नाही, तो पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये वेगळा वाटला जातो एवढंच. १०० मिमी पुढे नेलं तर किंगपिन भाराचा छत्तिसावा भाग मागून पुढे जातो. १५,३०३ वर ते ४२५ किलो. इथे ड्राइव्ह ३,६५३ ने वर आहे आणि पुढचा एक्सल आधीच भरलाय. गणितच बसत नाही. एक एक्सल थोडा वर आणि दुसऱ्यावर जागा, अशा वेळी हा उपाय कामाचा.

आणि पुढे नेताना दर वेळी दोन जागा तपासायच्या. वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या बाजूला लागतो का. आणि ट्रॅक्टरच्या चासीचं मागचं टोक ट्रेलरच्या उभ्या पायांना लागतं का.

ज्या ट्रेलरची बोगी सरकते तिथे परिणाम खऱ्या अर्थाने मोठा. बोगी ३०० मिमी पुढे घेतली, किंगपिन अंतर ७,४०० झालं आणि मालाचा मध्य किंगपिनपासून ५,२०० वर असेल, तर २४ टनांचा किंगपिन भार ७,७९२ वरून ७,१३५ वर येतो. ते ६५७ किलो ट्रॅक्टरवरून पूर्ण उतरून बोगीवर जातात.

वाटपवाला

वरचं सगळं गणित गाडी भरल्याच्या क्षणाचं आहे. वाटेत माल उतरवायचा असेल तर खरी अडचण तिथे सुरू होते, आणि बहुतेक तक्ते ती दाखवतच नाहीत.

२४,००० किलो माल पूर्ण १३.६ मीटरवर सारखा पसरलाय असं धरा. मध्य भिंतीपासून ६.८ वर. किंगपिन ९,६९२, पुढे ६,८१५, ड्राइव्ह १०,४७७, बोगी २१,२०८. उत्तम. आता पहिल्या ठिकाणी मागचा ४ मीटर माल, म्हणजे ७,०५९ किलो उतरवला. उरले १६,९४१, मध्य भिंतीपासून ४.८ मीटर.

किंगपिन = १,९०० + १६,९४१ × ४,५०० ÷ ७,७०० = ११,८०१
पुढे ७,१६७, ड्राइव्ह १२,२३४, बोगी १२,०४०.

सात टन उतरवले आणि ड्राइव्ह एक्सल १,७५७ किलोने वाढून मर्यादेबाहेर गेला. कारण साधं आहे. बोगीचा मध्य भिंतीपासून ९.३ मीटरवर. उतरवलेला माल ९.६ ते १३.६ मध्ये होता, म्हणजे सगळाच्या सगळा बोगीच्या मागे. तो ट्रेलरला उलार करत होता, किंगपिन वर उचलत होता. तो गेला आणि किंगपिनवर २,१०९ किलो वाढले (७,०५९ × २,३०० ÷ ७,७००).

त्यामुळे तपासणीचा बिंदू ठरलेला आहे. मागून उतरवायच्या गाडीत बोगीच्या मध्यामागचा सगळा माल गेला आणि पुढचा सगळा तसाच आहे, ती अवस्था ड्राइव्हसाठी सर्वांत वाईट. ती एक मर्यादेत बसली तर मागून पुढे उतरवत जाताना ड्राइव्ह कधीच बाहेर जात नाही.

भारवाही

मग पूर्ण भरलेल्या बेडला उपाय काय? पुढे जागा सोडता येत नाही.

वाटपवाला

सर्वांत खात्रीचा उपाय उरलेला माल त्याच ठिकाणी मागे सरकवून पुन्हा बांधणं. वेळ जातो, पण दुसरा पर्याय इतका सरळ नाही. वजनं वेगवेगळी असतील तर भरतानाच जड पॅलेट बेडच्या मधल्या भागात आणि हलके भिंतीजवळ ठेवा. बाजूने उतरवता येणारी गाडी असेल तर पहिल्या ठिकाणचा माल काही मागे, काही भिंतीजवळ असा वाटून ठेवावा.

हवाफुगा

लिफ्ट एक्सलबद्दल (गरज नसताना वर उचलून ठेवता येणारा एक्सल) इथे कुणी बोललं नाही. माल कमी झाला म्हणून एक्सल उचलतात आणि वरची परिस्थिती आणखी बिघडवतात.

पहिला एक्सल उचलला की टेकू उरलेल्या दोन एक्सलच्या मध्यावर जातो, म्हणजे अर्ध्या अंतराने, ६५५ मिमी मागे. किंगपिन ते बोगी ७,७०० चे ८,३५५ होतात. वरच्या १६,९४१ किलोच्या मालाचा किंगपिन भार ९,९०१ वरून १०,४५३ होतो. आधीच भरलेल्या ड्राइव्हवर आणखी भर. गाडी निसरड्या जागी अडली असेल तर हाच परिणाम उपयोगी पडतो, पण तो वेगळा प्रसंग.

तिसरा एक्सल उचलता येत असेल तर उलट. टेकू पुढे येतो, अंतर ७,०४५, त्याच मालाचा किंगपिन भार ९,२४६. किंगपिनवरून ६५५ किलो उतरतात, त्यातले ५४६ ड्राइव्हचे. मात्र मग बोगीला दोन एक्सलची मर्यादा लागू होते आणि ट्रेलरचा मागचा भाग वळणावर जास्त बाहेर फिरतो.

एअर सस्पेन्शनमध्ये तिन्ही एक्सलच्या फुग्यांना एकच दाब असतो, म्हणून बोगीचा भार तिघांत जवळजवळ सारखा वाटला जातो. पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये तसं धरू नका. फिफ्थ व्हीलची उंची ट्रेलरच्या मापाशी जुळत नसेल आणि ट्रेलरचं नाक वर राहिलं, तर मागचा एक्सल जास्त घेतो. बोगीची बेरीज २१ टन बरोबर येते आणि एकट्या तिसऱ्या एक्सलवर आठ टनांच्या वर भार असतो.

सांधेकरी

तीन एक्सलच्या ट्रॅक्टरला व्हीलबेस कुठपर्यंत धरायचा?

मोजपट्टी

मागच्या जोडीचा भार जिथे एकवटतो तिथपर्यंत. दोन्ही एक्सल सारखा भार घेत असतील आणि अंतर १,३५० मिमी असेल तर पहिल्याच्या ६७५ मिमी मागे. ड्राइव्ह ६० टक्के, मागचा साधा एक्सल ४० टक्के असं वाटप असेल तर ५४० मिमी मागे. फिफ्थ व्हीलचं अंतरही त्याच बिंदूपासून मोजायचं. व्हीलबेस एका बिंदूपासून आणि फिफ्थ व्हील दुसऱ्यापासून, ही चूक वारंवार दिसते.

यंत्रवाहू

पॅलेटऐवजी सुटे जड नग असतील तर मोमेंटचा (वजन × अंतर) तक्ता करा. याच गाडीवर तीन नग, भिंतीपासूनच्या अंतरासह:

९,००० × २.५ = २२,५००
६,००० × ६.२ = ३७,२००
७,००० × ११.० = ७७,०००

वजनाची बेरीज २२,०००, मोमेंटची १,३६,७००. भागाकार ६.२१ मीटर. पुढे ६,९८६, ड्राइव्ह ११,३३२, बोगी १८,१८२. बसतं, पण ड्राइव्हला १६८ किलोच शिल्लक. यावर गाडी सोडू नये, कारण यंत्राचा गुरुत्वमध्य क्वचितच त्याच्या लांबीच्या मध्यावर असतो. मोटर किंवा गिअरबॉक्स एका टोकाला असला की तो तिकडे ओढला जातो. नगावर गुरुत्वमध्याची खूण असेल तर तीच घ्या. नसेल तर दोन टोकं वेगवेगळी उचलून प्रत्येकाचं वजन घ्या, मध्य कळतो. इथे ९ टनांचा नग अर्धा मीटर मागे घेतला तर किंगपिनवरून ५८४ आणि ड्राइव्हवरून ४८७ किलो कमी होतात.

बेडची ताकद वेगळी पाहायची. एक्सल भार बरोबर आला म्हणून नऊ टन दोन मीटरच्या तुकड्यावर ठेवता येतातच असं नाही. ट्रेलरच्या कागदपत्रांत किती लांबीवर किती भार चालतो ते दिलेलं असतं.

काटेकोर

पडताळणी काट्यावर. एकेक एक्सल तोलणार असाल तर प्लॅटफॉर्मच्या पुढची-मागची जमीनही त्याच पातळीत हवी, नाहीतर भार एका एक्सलवरून दुसऱ्यावर सरकतो. गाडी थांबल्यावर ब्रेक सोडा. ब्रेक धरून ठेवले की सस्पेन्शन अडकून राहतं आणि आकडा खोटा येतो. एअर सस्पेन्शन उंचीवर स्थिर होईपर्यंत थांबा. शेवटी सगळ्या एक्सलची बेरीज पूर्ण गाडीच्या एकत्र वजनाशी ताडून पाहा. काही शे किलोंचा फरक दिसला तर आकडे टाकून द्या आणि पुन्हा तोला.

भारवाही

वाटपवाल्यांची तपासणी माझ्या १० मीटरच्या मालावर लावली. माल भिंतीपासून २ ते १२ मीटर, दर मीटरला २,४०० किलो. बोगीच्या मध्यामागचा गेला की उरतो २ ते ९.३ मीटर, म्हणजे १७,५२० किलो, मध्य भिंतीपासून ५.६५. किंगपिन १,९०० + ८,३०५ = १०,२०५. पुढे ६,९०१, ड्राइव्ह १०,९०४. म्हणजे वाटेत कुठेही थांबून मागून उतरवलं तरी चालेल. पुढचे दोन मीटर पॅलेटच्या भरावाने बंद करतोय, त्यांचं वजन धरून तक्ता पुन्हा मांडतो.

तरफ

भरावाचं वजन भिंतीपासून १ मीटरवर धरा, किंगपिनच्या पुढे येतं. त्यामुळे प्रत्येक १०० किलोला किंगपिनवर १०८ किलो वाढतील आणि बोगीवरचे ८ कमी होतील. ५०० किलो भराव असला तरी सर्वांत वाईट अवस्थेत ड्राइव्ह ११,३५३ पर्यंतच जातो.